प्रीतीची आज्ञा आणि राजदंड



नगरच्या इतिहासावर बोलायचे म्हटले की किल्ला, चांदबीबी आणि निजामशाही हे विषय आपोआप पुढे येतात. वसंतातल्या या संध्याकाळी आम्ही त्याच इतिहासातला एक वेगळा धागा हाती घेणार आहोत. ज्या शहराला काल-परवापर्यंत आपण अहमदनगर म्हणत होतो आणि ज्याचे आजचे नाव अहिल्यानगर आहे, त्या शहरात ख्रिस्ती मंडळी दोनशे वर्षांच्या घरात जाईल इतक्या काळापासून नांदत आहे. तिची प्रार्थनामंदिरे, तिच्या शाळा आणि तिची माणसे आपल्या नित्याच्या ओळखीची आहेत. पण तिच्या निमित्ताने उभा राहणारा एक मोठा ऐतिहासिक प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

तो प्रश्न असा. ज्या धर्माच्या संस्थापकाने शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावयास सांगितले, एवढेच नव्हे तर वैऱ्यावरही प्रीती करावी आणि छळणाऱ्यासाठी देवाजवळ प्रार्थना करावी असे शिकविले, त्याच धर्माच्या नावाने तुरुंग आणि चिता कशा उभ्या राहिल्या? आणि जे लोक त्या शिकवणुकीकडे ओढले गेले, त्यांना आमच्या समाजाने कसे वागविले? या दोन्ही प्रश्नांचा विचार एकत्रच केला पाहिजे. एकच विचारणे म्हणजे दुसऱ्याच्या घरचा केर दाखवून आपल्या घरचा झाकणे होय.

प्रथम थोडे दूरचे पाहू. पहिली तीन शतके ख्रिस्ती लोक छळ सोसणारे होते. रोमन बादशहा डायोक्लेशियन याने इ.स. 303 मध्ये त्यांची प्रार्थनास्थळे पाडण्याचा आणि ग्रंथ जाळण्याचा हुकूम काढला. दहाच वर्षांनी, 313 मध्ये, कॉन्स्टंटाइनच्या काळी त्यांना मोकळीक मिळाली. आणि 380 मध्ये थिओडोशियसने ख्रिस्ती धर्माच्या एका ठराविक मतासच साम्राज्याची मान्यता दिली. त्यानंतर पाच वर्षांतच, 385 च्या सुमारास, स्पेनमधील प्रिसिलियन नावाच्या ख्रिस्ती धर्माधिकाऱ्याचा ख्रिस्ती बादशहाच्या हुकुमाने ट्रियर येथे शिरच्छेद झाला. मतभेदासाठी ख्रिस्ती सत्तेने घेतलेला हा पहिला प्रसिद्ध बळी. येथे आवर्जून सांगितले पाहिजे की, तूरचा बिशप मार्टिन याने या कृत्याचा उघड निषेध केला. म्हणजे छळाची परंपरा ज्या दिवशी सुरू झाली, त्याच दिवशी तिच्याविरुद्ध त्याच धर्मातून आवाजही उठला.

मग प्रीतीच्या आज्ञेचे काय झाले? ती कोणी पुसून टाकली नाही. तिचा अर्थ फिरविला गेला. उत्तर आफ्रिकेतील थोर आचार्य ऑगस्टिन आरंभी सक्तीच्या विरुद्ध होते. पुढे डोनाटस पंथीयांशी झगडताना त्यांचे मत बदलले. बाप मुलाला शासन करतो ते त्याच्या हितासाठीच, तद्वत चुकलेल्या माणसास बळाने वळविणे हीही प्रीतीच होय, असे ते म्हणू लागले. मेजवानीच्या दृष्टान्तात यजमान चाकरांना वाटेवरच्या लोकांस आग्रहाने आत आणावयास सांगतो. त्या आग्रहाचा अर्थ त्यांनी सक्ती असा लावला. आमच्या मते या इतिहासातले सर्वांत धोक्याचे वळण हेच. द्वेषाने छळणाऱ्याला कधीतरी लाज वाटण्याचा संभव असतो. तुझ्या कल्याणासाठीच तुला छळतो, असे ज्याला मनापासून वाटते, त्याला थांबविणार कोण?

हा विचार आमच्या दारापर्यंत आला तो पोर्तुगीजांच्या गलबतांतून. नगरकरांना गोवा दूरचा वाटेल. पण सोळाव्या शतकात तो तितका दूर नव्हता. चौलचे बंदर निजामशाहीच्या मुलखात होते, तेथे पोर्तुगीजांचे ठाणे होते, आणि 1570-71 मध्ये मुर्तजा निजामशहाने त्या चौलला वेढाही दिला होता. नगरच्या तख्तावर निजामशहा असताना गोव्यात काय घडत होते, ते पाहू.

गोवा पोर्तुगीजांनी 1510 मध्ये घेतला. 1540 मध्ये तिसवाडीतील देवळे पाडली गेली आणि पुढे 1567 च्या सुमारास साष्टीतील देवळांवर तोच प्रसंग आला. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली. आज आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे कुलधर्मासाठी ज्या देवस्थानांना जातात, ती स्थाने म्हणजे नदीपलीकडे नेलेल्या देवांची आश्रयस्थाने आहेत. 1559 मध्ये लिस्बनहून असा हुकूम निघाला की, हिंदूंची पोरकी मुले सेंट पॉलच्या विद्यालयाच्या हवाली करून त्यांना ख्रिस्ती धर्मात वाढवावे. आई, आजोबा, चुलता जिवंत असताना मूल पोरके कसे, हा प्रश्न त्या घरांतून किती कळवळून विचारला गेला असेल, याची कल्पना श्रोत्यांनीच करावी.

1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशनची संस्था स्थापन झाली. तिचा मुख्य रोख बाप्तिस्मा घेतलेल्यांवर होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. यहुदी मूळ असलेले नवे ख्रिस्ती आणि नुकतेच बाटविलेले हिंदू आपले जुने आचार गुप्तपणे पाळतात की काय, हे शोधणे तिचे काम. हिंदू राहिलेल्यांवरही धर्मांतरात अडथळा आणल्याचे किंवा बंदी असलेले विधी केल्याचे आरोप येत. फिर्याद कोणी केली, हे आरोपीस सांगत नसत. 1736 च्या जाहीरनाम्याने तर लग्नकार्यातले साधे आचार, घरातली तुळस, पोशाखाच्या रीती यांवरही बंधने घातली. देलाँ नावाचा फ्रेंच वैद्य, स्वतः जन्माने ख्रिस्ती असूनही, या तुरुंगात पडला, आणि सुटल्यावर त्याने लिहिलेली हकीकत 1687 मध्ये प्रसिद्ध होऊन सगळ्या युरोपात वाचली गेली. मराठी संशोधक अ. का. प्रियोळकर यांनी 1961 मध्ये या संस्थेवर इंग्रजीत ग्रंथ लिहून हा इतिहास साधार मांडला.

या इतिहासातली माणसे मात्र एकरंगी नव्हती, आणि आमचा खरा विषय तेथेच सुरू होतो. फ्रान्सिस झेवियर 1542 मध्ये गोव्यास आले, तेव्हा ते रुग्णालयात राहून रोग्यांची शुश्रूषा करीत, कैद्यांना भेटत, महारोग्यांत जात. त्याच झेवियरांनी 1546 मध्ये पोर्तुगालच्या राजास पत्र लिहून इन्क्विझिशन धाडण्याची विनंती केली. जखम धुणारा हात आणि ते पत्र लिहिणारा हात एकच होता. यात ढोंग होते असे आम्हांस वाटत नाही. देहाची काळजी आणि आत्म्याची काळजी ही त्यांच्या दृष्टीने एकाच प्रीतीची दोन रूपे होती; फक्त दुसऱ्या कामासाठी त्यांनी राजाचा दंड मागितला.

दुसरे उदाहरण फादर रुदोल्फ अक्वाविवा यांचे. 1580 मध्ये ते फत्तेपूर सिक्रीस अकबराच्या दरबारी गेले. तेथे मुल्ला, पंडित, जैन यती आणि हे पाद्री यांचे वाद होत. सत्ता अकबराची होती. पाद्रीबुवांच्या हाती शब्दाखेरीज शस्त्र नव्हते. तेथे ते तीन वर्षे सुरक्षित राहिले. 1583 मध्ये ते गोव्यास परतले आणि त्याच जुलैत चार सोबत्यांसह कुंकळ्ळी गावात चर्चची जागा पाहावयास गेले. त्याआधी त्या भागातली देवळे सैन्याने जाळली होती. गावकऱ्यांनी या पाचही जणांस ठार मारले. पुढे कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांस असोळण्याच्या किल्ल्यात बोलणी करण्यासाठी बोलावून विश्वासघाताने मारण्यात आले. ते पाच जण हाती शस्त्र घेऊन गेले नव्हते. पण त्यांच्या पाठीमागे कोणाचे शस्त्र होते, हे गावाने पाहिले होते. सिक्रीस जो माणूस पाहुणा होता, तोच साष्टीत शत्रू ठरला. माणूस बदलला नव्हता, उपदेश बदलला नव्हता. त्याच्या मागची सावली बदलली होती.

तिसरे नाव आपणां मराठी भाषकांना अधिक जवळचे, फादर स्टीफन्स यांचे. हे इंग्रज गृहस्थ 1579 मध्ये गोव्यास आले आणि जवळजवळ चाळीस वर्षे साष्टीत राहिले. त्यांच्या मायदेशी राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथॉलिकांचा छळ चालला होता. ज्या टॉमस पाउंड नावाच्या मित्राबरोबर त्यांनी येशूसंघात जाण्याचा बेत केला, तो मित्र कॅथॉलिक म्हणून वर्षानुवर्षे इंग्लंडच्या तुरुंगात खितपत पडला. छळ म्हणजे काय, हे स्टीफन्स पुरतेपणी जाणून होते. त्यांनी 1616 मध्ये क्रिस्तपुराण छापले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ आहे, आणि त्यात मराठी भाषेविषयीचा जिव्हाळा ओसंडतो. ज्यांचे पुराणग्रंथ काढून घेतले गेले, त्या लोकांना त्यांच्याच छंदात नवे पुराण देणारा हा कवी होता. देणगी खरी आणि हिरावणेही खरे. ज्या राज्याच्या आश्रयाने ते लिहीत होते, ते राज्य त्यांच्या मित्राच्या बेड्यांसारख्याच बेड्या येथे घडवीत होते. त्यांच्या मनात याची तुलना कधी उभी राहिली असेल काय? दुसऱ्या देशात आपल्या माणसांनी सोसलेला अन्याय आपण ओळखतो, आणि आपल्या बाजूने होणारा अन्याय मात्र धर्मकार्य वाटतो, ही मनुष्यस्वभावाची जुनी खोड आहे.

गोव्याचे इन्क्विझिशन 1774 मध्ये बंद झाले, 1778 मध्ये पुन्हा उघडले आणि 1812 मध्ये कायमचे संपले. त्याच्या दुसऱ्याच वर्षी, फेब्रुवारी 1813 मध्ये, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. कंपनी सरकारला मिशनरी नको होते. त्यांना परत पाठविण्याचे हुकूम निघाले आणि गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याकडे त्यांना अर्जविनंत्या कराव्या लागल्या. ज्या मिशनचा आरंभ दुसऱ्याच्या दयेवर झाला, त्याच अमेरिकन मराठी मिशनने डिसेंबर 1831 मध्ये नगरला ठाणे घातले. इंग्रजी राज्याची छाया त्यांच्यावर होती हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु तिसवाडीसारखे देवळे पाडणारे सैन्य किंवा फिर्यादीचे नाव लपविणारे न्यायासन त्यांच्या हाती नव्हते. हाती होते ते शाळा, दवाखाना, छापखाना आणि शब्द. सिन्थिया फॅरार यांनी 1839 पासून येथे मुलींच्या शाळा चालविल्या. 1842 मध्ये येथेच ‘ज्ञानोदय’ पत्र निघाले.

आता पारडे फिरते. 1839 मध्ये नगरात हरिपंत खिस्ती या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला; मागाहून त्याचे भाऊ नारायणराव हेही आले. जातीबाहेर पडणे म्हणजे त्या काळी घर, पंगत, पाणवठा आणि वारसा या सर्वांस मुकणे होते. आमच्याकडे इन्क्विझिशन नव्हते. पण वाळीत टाकण्याला न्यायासन लागत नाही आणि तुरुंगही लागत नाही. सारा गावच तुरुंग होतो. 1843 मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत पाद्र्यांकडे राहत होता, त्यास न्यायालयाने बापाच्या हवाली केले. त्या अल्पवयी मुलाला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला, तर सनातन मंडळींनी त्या मुलासह साह्यकर्त्यांवरही गहजब केला. जाणाऱ्याला वाट नाही आणि येणाऱ्याला दार नाही, अशी ती स्थिती होती. अखेर धर्मांतर केलेल्यांचा वारसाहक्क राखण्यासाठी सरकारास 1850 मध्ये कायदा करावा लागला. नेवासे तालुक्यातील वडाळ्यासारख्या खेड्यांत महार आणि मांग समाजांतील कुटुंबे या धर्माकडे वळली, तेव्हा त्यांचे दुःख आणखी निराळे होते. ब्राह्मण ख्रिस्ती झाला तर त्याची जात जाई; यांना जातीने दिलेला अपमान तेवढा होता, आणि तो ख्रिस्ती झाल्यावरही गावाने काढून घेतला नाही.

मिशनचीही परीक्षा झाल्यावाचून राहिली नाही. 1899-1900 च्या दुष्काळात नगर जिल्हा होरपळून निघाला. रेव्हरंड रॉबर्ट ह्यूम यांनी अमेरिकेतून मदत आणून माणसे जगविली. त्याबद्दल सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. पुष्कळ अनाथ मुले मिशनच्या आश्रयास आली. त्या उपकाराचे मोल आम्ही कमी करू इच्छीत नाही. ज्यांचे पूर्वज त्या अन्नावर जगले ते तर मुळीच करणार नाहीत. तथापि जो भाकरी देतो तोच उपदेशही करतो, तेव्हा भुकेल्याचा होकार कितपत मोकळा असतो, हा प्रश्न प्रामाणिक माणसाने विचारलाच पाहिजे. गोव्याचा 1559 चा हुकूम आणि नगरचे दुष्काळी अनाथालय यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एकाने मुले घरातून ओढून नेली, दुसऱ्याने रस्त्यावर मरणारी उचलली. पण देणाऱ्याच्या हातीही एक सत्ता असते, एवढे ध्यानात ठेवणे बरे.

याच ह्यूमसाहेबांच्या चरित्रात एक प्रसंग आहे, तो आम्हांस त्यांच्या सुवर्णपदकाहून मोलाचा वाटतो. 1886 मध्ये ते अमेरिकेत असताना असे बोलले की, ज्यांनी जन्मात ख्रिस्ताचे नावही ऐकले नाही, त्यांना मरणानंतर तरी संधी मिळणे शक्य आहे. त्यांच्या मिशनच्या अधिकारी मंडळास हे मत पाखंडी वाटले आणि त्यांना हिंदुस्थानात परत धाडण्यास मंडळ कचरू लागले. पुष्कळ वादानंतर ते परत आले. आपल्या नगरच्या शेजाऱ्यांचे वाडवडील नरकात पडले आहेत, असे म्हणावयास हा मनुष्य तयार झाला नाही आणि त्यापायी त्याने आपल्या मंडळाचा रोष पत्करला. मार्टिनचा आवाज पंधराशे वर्षांनी आपल्या शहराच्या वतीने पुन्हा उठला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

आणि मग टिळकांचे घर. कवी नारायण वामन टिळक 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई लहान मुलासह मागे राहिल्या. नातलगांच्या लेखी घरावर आकाश कोसळले होते. त्यांच्यापैकी काहींनी लक्ष्मीबाईंना मायेने जपले, हेही सांगितले पाहिजे. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नगरला पतीकडे आल्या, त्या आपला धर्म आणि आपले सोवळे घेऊन आल्या. त्या काळी नवऱ्याचा शब्द म्हणजे कायदा. टिळकांचा स्वभाव तापट, हे खुद्द लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’वरून सर्वांस ठाऊक आहे. असा माणूस आपल्या नव्या श्रद्धेने भारलेला असूनही बायकोच्या सोवळ्याची सोय करून देतो आणि वाट पाहतो, ही गोष्ट लहान नाही. लक्ष्मीबाईंच्या मनातली जातिभेदाची भिंत त्यांच्याच विचाराने ढासळली आणि 1900 मध्ये त्यांनी स्वतः होऊन बाप्तिस्मा घेतला. झेवियरांना राजदंड मागावासा वाटला. टिळकांना नवरेपणाचा दंड हाती असून वापरावासा वाटला नाही. पुढे 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती.

म्हणून नगरची कथा सारी गोड आहे, असे मात्र समजू नये. चर्चमध्ये एका भाकरीचे वाटेकरी झालेल्यांतही जुन्या जातीच्या रेषा सोयरिकीच्या वेळी पुन्हा दिसू लागत, हे ख्रिस्ती समाजातील जाणत्यांनीच वारंवार बोलून दाखविले आहे. स्वतंत्र भारतात 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध यांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती दलितांचा झाला नाही. गावाच्या नजरेतून जात गेली नाही आणि कागदावर मात्र गेली, असा हा पेच आहे.

या साऱ्यांतून आम्हांस एकच कसोटी हाती लागते. प्रीतीची परीक्षा दुबळेपणी होत नाही. छळ सोसताना क्षमा करणारे सर्व धर्मांत सापडतील. तिची परीक्षा हाती दंड आल्यावर होते, मग तो दंड राजाचा असो, जातीचा असो, भाकरीचा असो की नवरेपणाचा. समोरच्याने ‘नाही’ म्हटले तर त्याला त्याचे घर, त्याचे पाणी आणि त्याचे मूल सुखरूप राहते की नाही, एवढे पाहावे. राहत असेल तर ती प्रीती. राहत नसेल तर तिला दुसरे काहीतरी नाव शोधावे.

शेवटी आणखी एका पाहुण्याची आठवण करून हे विवेचन संपवितो. पुण्याचे एक तरुण गृहस्थ नगरला येऊन फॅरारबाईंची मुलींची शाळा पाहून गेले आणि 1848 मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. ते जोतीराव फुले. आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या आणि 1891 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात त्यांनी एका घराची कल्पना केली आहे. त्या घरात आई बौद्ध, बाप ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असावा, आणि कोणी कोणाचा हेवा न करता त्यांनी गोडीने नांदावे. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. पण शेजाऱ्यावरील प्रीतीचा अर्थ त्यांनी एका घराच्या चार भिंतींत मांडून दाखविला. असे घर आपल्या आळीत उद्या उभे राहिले, तर त्याच्या नळाला पाणी आणि त्याच्या दारात सणासुदीला शेजारी येतील काय, याचे उत्तर व्याख्यात्याने द्यावयाचे नाही. ते येथून घरी जाताना ज्याने त्याने आपल्याशीच द्यावयाचे आहे.